अर्धी जीभ आणि दादाचा हुकूम

तोंडात खर्रा भरून हे वाचत असाल तर आधी थुंकून या. मी थांबतो. मला आता कशाचीच घाई नाही.

मी आमगावचा बेनी माइकवाला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, तिथे भोंगा माझा आणि आवाजही माझाच. एकदा वीज गेली तेव्हा मी नुसत्या तोंडाने दंडारीच्या नाटकाची घोषणा केली, तर पार सालेकसापर्यंतची माणसं बैल जुंपून निघाली. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, म्हणाल तर दिवसाला वीस पुड्या. माझ्या पिचकाऱ्यांनी दरेकस्याचा बोगदा आतून लाल झाला अशी रेल्वेत तक्रार गेली होती. यातलं बरंचसं खोटं आहे. वीस पुड्या मात्र खऱ्या.

जिभेच्या डाव्या कडेला फोड आला. मी त्याला हळद लावली, तूप लावलं, शेवटी त्याच्यावर खर्राही लावला. चार महिने लोकांना सांगत फिरलो की पोपटाने चावलं. पोपट कुठला, कुणाचा, मी त्याच्याशी काय बोलत होतो, सगळी गोष्ट रचलेली होती. लोक हसायचे. घरात एकच माणूस हसला नाही, तो दादा.

आम्ही दोघे

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, शालोम. आम्ही यहुदी, कोकणातले बेने इस्राएल. आजोबा रेल्वेच्या नोकरीने गोंदियाला आले आणि इथलेच झाले. बाकीचं गोत इस्रायलला गेलं. उरलो आम्ही दोघं. दादा गेला नाही, कारण त्याची नोकरी बाकी होती. मी गेलो नाही, कारण तिकडे खर्रा मिळत नाही.

दादा मालगाडीचा गार्ड होता. लग्न केलं नाही. माझी बायको वारल्यावर निवृत्तीचं सामान घेऊन माझ्याच घरी राहायला आला. आमगावात आम्हाला ‘शनिवारवाले’ म्हणतात, कारण दादा शनिवारी काडीचं काम करत नाही. मीही करत नसे, पण मी रविवारीही करत नसे.

दादा सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला उभा राहायचा तो घड्याळ बघून. चेहऱ्यावर भाव म्हणाल तर सिग्नलच्या खांबाइतके. मी खाटेवरून चिडवायचो, “दादा, तू देवाची नोकरी करून राहिलास. मी प्रेम करतो त्याच्यावर. प्रेमात हजेरी लागत नाही.”

“मग तुझं प्रेम कधी दिसतं?” दादा विचारायचा.

“आतून असते ते.”

“आतच राहू दे.”

आमच्या धर्मात हा वाद फार जुना आहे. देवाची सेवा हुकूम म्हणून करावी की प्रेमाने करावी? जुन्या पंडितांनी प्रेमाला वरची जागा दिली, तेवढं मी वाचलं आणि पुस्तक मिटलं. दादाने पुढचंही वाचलं. त्याच पंडितांनी असंही म्हटलंय की मनात आलं म्हणून करणाऱ्यापेक्षा सांगितलंय म्हणून करणारा मोठा, कारण त्याला रोज आपल्या मनाशी झटावं लागतं. आणि गंमत अशी की रोजच्या प्रार्थनेत देवावर प्रेम करण्याचाच हुकूम आहे.

“प्रेमाचा कुठे हुकूम निघतो का?” मी म्हणायचो.

“निघतो. निघाला म्हणून तर तुझ्यासारखा भाऊ सांभाळतो.”

ज्या दिवशी कळलं

नागपूरच्या डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला. चष्मा काढणारे डॉक्टर वाईट, हे माझं तिथलं पहिलं ज्ञान. कॅन्सर म्हणाले. अर्धी जीभ काढावी लागेल म्हणाले. मी विचारलं, “कोणती अर्धी? खोटं बोलणारी काढा, खरी राहू द्या.” ते हसले नाहीत. तेव्हा मला भीती वाटली.

आणि माझ्या शेजारी दादा काहीतरी पुटपुटला. मी ओळखलं. वाईट बातमी कानावर आली की आमच्यात देवाचं नाव घेऊन तो खरा न्यायाधीश आहे असं म्हणायचं असतं. बहुतेक लोक ते मरणाच्या बातमीला म्हणतात.

बाहेर बाकावर बसल्यावर मी बोलत सुटलो. “मी अजून मेलो नाही! माझी जीभ कापून राहिले आणि तू देवाला शाबासकी देतोस?”

“द्यावी लागते.”

“काऊन?”

“चांगल्या बातमीला देतो म्हणून.”

त्याच्या हातात माझे कागद होते. ते त्याने गुडघ्यावर ठेवून सरळ केले, कोपरे जुळवले, परत सरळ केले. एवढंच. माझ्या खांद्यावर हात ठेवला असता तर काय बिघडलं असतं, असं मला वाटलं. मी गोंदियाची गाडी येईपर्यंत त्याच्याशी बोललो नाही. बोलायला जीभ होती तेव्हाची ही गोष्ट.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी नवस बोललो. जीभ वाचली तर मलिदा करीन. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओला नारळ, गूळ, वेलची आणि पाच फळं. एलियाहू नबी या आमच्या प्रेषिताचं नाव घेऊन आमचे लोक नवस फेडायला तो करतात. दादाला सांगितलं तर म्हणाला, “सौदा नको करू त्याच्याशी.” मी म्हटलं, प्रेमात थोडा सौदा चालतो.

नळी

शुद्धीवर आलो तेव्हा नाकात नळी होती, गळ्याला टाके होते आणि तोंडात कुणाचा तरी ओला मोजा कोंबल्यासारखं वाटत होतं. ती माझीच जीभ होती, उरलेली. मी सिस्टरला काही सांगायला गेलो, तर एखाद्या रेड्याने पाण्यात तोंड घालून हाक मारावी तसा आवाज आला. सिस्टरने पाटी आणि खडू दिला.

माझ्या ओळखीत रडण्याचा विक्रम माझ्या नावावर आहे. त्या दिवशी तो मीच मोडला. यात खोटं काही नाही.

नळीतून अन्न दादा द्यायचा. सिस्टरने एकदा शिकवलं आणि दादाने ते रेल्वेचा नियम शिकल्यासारखं शिकून घेतलं. मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढायचा, ती नळीला जोडायची, वर धरायची, मुगाचं पाणी हळूहळू उतरू द्यायचं, मागून साधं पाणी. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत दर तीन तासांनी. शर्टच्या खिशातली वही काढून लिहायचा: सकाळी नऊ, दोनशे मिली, खोकला नाही.

आहारवालीने दूध सांगितलं, चिकनचं सूपही सांगितलं. आमच्यात दूध आणि मांस एकत्र खात नाहीत. दादाने दोन सिरिंज घेतल्या. एकीवर निळा दोरा, ती दुधाची. एकीवर लाल, ती सुपाची. सूप दिल्यावर दुधाला मधे एक पाळी जाऊ द्यायची. सिस्टर कपाळाला हात लावून म्हणाली, “अहो काका, नळीला काय चव कळणार?”

“नळीला नाही कळत,” दादा म्हणाला. “मला कळतं.”

मी पाटीवर लिहिलं: आजारी माणसाला सगळं माफ असते, तूच सांगायचा.

“जीव जात असला तर डुकराचंही देईन,” दादा म्हणाला. “जात नाहीये. सहा तास थांबायला काय होते?”

अख्खा वॉर्ड हसला. मीही हसलो, त्याने टाके ओढले गेले.

घरी आलो तरी नळी होतीच. मग सहा आठवडे शेक, म्हणजे किरणांचा उपचार, त्यासाठी नागपूरला धर्मशाळेत मुक्काम. गळ्याची कातडी जळून काळी झाली. थुंकी गिळताना ब्लेड गिळल्यासारखं वाटायचं. आसपासच्या खाटांवर बायका नवऱ्यांचे पाय चेपायच्या, आया पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. एका माणसाची बायको त्याला रोज गाणं म्हणून दाखवायची, तीही बेसूर. मला त्याचा हेवा वाटायचा. माझ्याकडे दादा होता. तो यायचा, सिरिंज वर धरायचा, भिंतीकडे बघायचा, लिहायचा, जायचा.

एकदा तो आंघोळीला गेला असताना मी त्याची वही काढली. मला वाटलं कुठेतरी एखादा शब्द असेल. ‘आज बेनी बरा दिसला’, असं काही. पानंच्या पानं उलटली. मिली, वेळ, खोकला, उलटी. शनिवारची पानं कोरी, कारण शनिवारी तो लिहीत नाही. शनिवारी त्याने एकही पाळी चुकवली नव्हती. पण कोरी ती कोरीच.

तो आल्यावर मी पाटी समोर धरली. आयुष्यात एवढं लहान वाक्य मी कधी बोललो नाही: माझं कायले करतोस?

दादाने वाचलं. ओला टॉवेल दोरीवर टाकला.

“हुकूम आहे म्हणून.”

मी पाटी भिंतीकडे वळवून झोपलो. तुमच्यापैकी ज्यांची काळजी कुणी घेत असेल त्यांना सांगतो, आजारी माणसाला दुखण्यापेक्षा हे जास्त लागतं. आपण कुणाचं तरी काम होऊन बसतो. मी ठरवलं, याच्याकडून एक दिवस तरी खरं काढीन.

अर्धा मलिदा

नळी निघाली तेव्हा वजन इतकं उतरलं होतं की फॅन लावला तर मी खाट धरून बसायचो. डॉक्टर म्हणाले, सध्या तरी गाठ नाही. आता जीभ हलवा, मोठ्याने वाचा, रोज.

दादाने प्रार्थनेचं पुस्तकच समोर ठेवलं. “म्हण.”

मी म्हटलं. ते हिब्रू होतं की कुणी घमेल्यात चिखल कालवत होतं, सांगता येणार नाही.

“देव हसेल,” मी कसंबसं म्हणालो.

“देवाला कळलं. मला नाही कळलं. परत म्हण.”

सकाळ-संध्याकाळ हेच. मला जोर नसायचा, मन नसायचं. देवावर माझं जे काही प्रेम होतं ते नागपूरच्या बाकावरच संपलं होतं. तरी म्हणायचो, कारण दादा समोर उभा असायचा. असं करता करता ‘र’ परत आला, ‘स’ अर्धा आला. मनात आलं तेव्हाच म्हटलं असतं तर माझी जीभ हलली नसती, हे खरं आहे आणि मला ते आवडत नाही.

एका सकाळी मी विचारलं, “अर्धी जीभ वाचली. अर्धा मलिदा करायचा का?”

“मलिदा पुराच होते,” दादा म्हणाला. “तू अर्धा असला तरी.”

पोहे शेजारच्या पटलेकाकांनी दिले, त्यांच्याच धानाचे. पटलेकाका म्हणजे पोवार शेतकरी, आमच्या कुंपणापलीकडे राहतात, माझ्या सगळ्या गप्पा खोट्या आहेत हे माहीत असून रोज ऐकायला येतात. मला पोहे चावता येत नव्हते. दादाने माझ्या वाट्याचा मलिदा मिक्सरमधून काढला आणि वाटीत दिला. मी चमच्याने घशाखाली ढकलत होतो आणि पटलेकाका अंगणातून बघत होते.

“कसा लागून राहिला जी, बेनीभाऊ?”

“गोड,” मी म्हटलं. चव आली नव्हती. पण हे खोटं मोजू नका.

काका गेल्यावर दादा भांडी घासायला बसला. मी त्याच्या पाठीमागे उभा राहिलो. पाटी नव्हती आता, अर्धी जीभ होती.

“दादा, एक सांग. सगळे महिने नुसता हुकूम?”

तो बराच वेळ एकच पातेलं घासत होता.

“काही दिवस तुझा राग यायचा,” तो म्हणाला. “वीस वर्षं सांगत होतो, खर्रा सोड. काही दिवस तुझ्या तोंडाचा वास सहन व्हायचा नाही. काही दिवस वाटायचं, गाडी पकडावी आणि जावं कुठेतरी. त्या दिवशी हुकूम कामी आला.”

“आणि बाकीच्या दिवशी?”

दादाने पातेलं पालथं घातलं.

“बाकीच्या दिवशी हुकुमाची आठवण नाही झाली.”

मी आत गेलो. बायको गेली तेव्हा मी सगळ्या गावासमोर रडलो होतो. या वेळी दार लावून रडलो, कारण त्याला दिसलं असतं तर तो घड्याळ बघायला लागला असता.

दादा

मलिद्यानंतर नवव्या दिवशी दादा सकाळच्या प्रार्थनेला उभा राहिला आणि मधेच खाली बसला. मला वाटलं, चक्कर आली. गोंदियाच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बरेच दिवस कुरकुरत असणार, आधी दाखवायला हवं होतं.

परत येताना गाडीत पटलेकाका माझ्याशेजारी बसले होते. बिरसीच्या विमानतळाकडून आलेलं शिकाऊ वैमानिकांचं एक छोटं विमान वर घिरट्या घालत होतं. काका खिडकीतून त्याच्याकडेच बघत बोलले.

“तुह्या दादाचा डावा हात दुखून राहिला होता. लय दिवसाचा.”

“तुमाले सांगितलं होतं त्याने?”

“सांगते काय तो! चोळताना पायलं म्या. म्हनलं, दाखव ना गा डॉक्टरले. तर म्हने, बेनीची नळी निघू दे. नळी निघाली तं म्हने, त्याचा मलिदा होऊ दे.”

“मले काऊन नाही सांगितलं?”

“नोको सांगू म्हने. घाबरते म्हने तो.”

 दर तीन तासांनी तो सिरिंज धरून उभा राहायचा आणि भिंतीकडे बघायचा. कोणता हात वर असायचा, ते मी आठवत होतो. मला आठवलं नाही. मी त्याच्याकडे बघतच नव्हतो, मी माझ्याकडे कुणी बघतंय का ते बघत होतो.

आजारी माणसांनो, तुमच्या नळीच्या दुसऱ्या टोकाला जो उभा आहे, त्याला विचारा, तुझं काही दुखतं का. मी विचारलं नाही. मी फक्त विचारलं की माझ्यावर प्रेम आहे का.

दहा माणसं

दादाला गोंदियाच्या जुन्या कब्रस्तानात, आमच्या आई-बाबांच्या शेजारी ठेवलं. गेलेल्या माणसासाठी जवळच्याने एक प्रार्थना म्हणायची असते, कद्दीश. त्यात मरणाचा एक शब्द नाही, सगळी देवाची स्तुती. पण ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा यहुदी पुरुष हवेत, तरच. मी जिवंत आहे तोवर या जिल्ह्यात आम्ही एक आहोत.

सात दिवस घरात बसायचं असतं. दुसऱ्या दिवशी पटलेकाका आले, जमिनीवर माझ्याशेजारी बसले. मी त्यांना माझ्या चिखलाच्या भाषेत ही अडचण सांगितली. कशाला सांगितली, माहीत नाही. सवय.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. पटलेकाका, त्यांचे दोन भाऊ, भोंग्याची वायर ओढणारा माझा कारागीर, चहावाला, रेल्वेतले दादाचे दोन जुने सोबती, दूधवाला, शाळेचे गुरुजी, आणि कुणाचा तरी जावई. अंगणात रांगेने उभे राहिले. प्रत्येकाने डोक्यावर काहीतरी घेतलेलं, कुणी टोपी, कुणी दुपट्टा, जावयाने हातरुमाल. दादा प्रार्थनेच्या वेळी डोकं झाकायचा, ते बघितलं होतं सगळ्यांनी.

“मोजून घे गा,” काका म्हणाले. “दहा हायत. म्हन तू आपलं.”

आता माझी गंमत बघा. मी जन्मभर म्हणत आलो की देव हजेरी घेत नाही. माझ्याकडे पुस्तक होतं, अर्धी जीभ होती, आणि दहा माणसं होती जी कुणाच्याही हुकुमावाचून आली होती. म्हटलं असतं तर कोण अडवणार होतं? देवही काही बोलला नसता, असं मला आजही वाटतं. पण दादा बोलला असता. ‘हे दहा चालत नाहीत, बेनी,’ म्हणाला असता, आणि तेही त्या खांबासारख्या चेहऱ्याने.

“काका,” मी म्हटलं, “नाही चालत. आमच्यातलेच पाहिजेत.”

“मंग आमी नाही चालत काय?”

“तुमचं काही चुकलं नाही. हुकूम तसा आहे.”

काकांनी मागे वळून बाकीच्यांना सांगितलं. जावई हातरुमाल काढायला लागला, तर चहावाल्याने त्याचा हात धरला. सगळे थोडा वेळ चुळबुळले.

“सात दिवस सरले की मुंबईजवळ ठाण्याला, आमच्या प्रार्थनाघरात जातो,” मी म्हणालो. “तिथे दहा मिळतात. तिथे म्हणीन.”

“जाजो. पर आता आलो तं आलो,” काका म्हणाले. “आमी तसेच उभे राहतो. तू नोको म्हनू काही.”

समोर दहा माणसं कान देऊन उभी, आणि मला सांगायला दादाच्या निदान शंभर गोष्टी. मी पुस्तक मिटून छातीशी धरलं आणि त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. एक शब्द म्हटला नाही.